मृत्युवार्ता आणि कुलवृत्तांत

आपल्या घराण्याचा इतिहास आपण लिहावा ही हौस महाराष्ट्रांत नवी नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अनेक आडनांवांच्या मंडळींनीं सभा भरवून, वर्गणी जमवून व घरोघर छापील प्रश्नावली धाडून आपापले कुलवृत्तांत प्रसिद्ध केले, आणि त्यांच्या सुधारून वाढविलेल्या आवृत्त्या अद्यापहि निघतात. अलीकडे या हौशीस एक नवें साधन मिळालें आहे. जुन्या वृत्तपत्रांच्या ज्या फायली पूर्वीं ग्रंथालयाच्या माळ्यावर कसरीच्या स्वाधीन झालेल्या असत, त्यांपैकीं कांहींचीं छायाचित्रें आतां घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर पाहतां येतात. साहजिकच आपला आजापणजा त्या पानांत कोठें तरी भेटेल असें ज्याला त्याला वाटूं लागलें आहे. तो भेटलाच तर बहुधा मृत्यूच्या बातमींत भेटतो. कारण सामान्य गृहस्थाचें नांव छापण्याचा प्रसंग वृत्तपत्रास बहुधा एकदांच येई. असा मजकूर हातीं लागला कीं तो उतरून घ्यावा, चौकटींत घालावा व कुलवृत्तांताच्या कचेरीकडे पाठवावा, एवढ्यांत कर्तव्य संपलें असें पुष्कळांस वाटतें. तो मजकूर वाचावयाचा कसा, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. तोच आम्हांस येथें विचारावयाचा आहे. आणि तो विचारण्याची पाळी आमच्यावर आमच्याच घरच्या चार ओळींनीं आणली असल्यामुळें प्रथम त्यांची हकीकत सांगणें बरें.

आमचे खापरपणजोबा पुण्यास वकिली करीत. घरांत त्यांच्याविषयीं दोनच गोष्टी सांगत. पहिली, ते काशीयात्रा करून आले, मावंदें झालें, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते समाधानानें वारले. दुसरी, त्यांचें श्राद्ध फाल्गुन वद्य षष्ठीस असे. साल कोणासच ठाऊक नव्हतें. ज्यांना असा शोध करावा लागला आहे त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. आपलें घर तिथि जपतें, साल जपत नाहीं. कारण श्राद्धाला तिथि लागते, साल लागत नाहीं. त्यांतहि पिता, पितामह व प्रपितामह यांच्यापलीकडे नांवाचा उच्चार होत नाहीं, म्हणजे चौथी पिढी आली कीं एक नांव वरून गळून पडावयाचें. जन्ममृत्यूची नोंद सर्वत्र सक्तीची करणारा कायदा १९६९ सालचा. त्यापूर्वींच्या सरकारी नोंदी कोठें आहेत, कोठें नाहींत, व जेथें आहेत तेथें त्या पाहूं देणारा कारकून भेटेल कीं नाहीं हें दैवाधीन. घरचे कागद मोडींत. ते वाचणारा घरांत उरलेला नसतो. आणि मृत्यूचें पत्र तर घरांत ठेवावयाचेंच नाहीं, वाचून झालें कीं फाडून टाकावयाचें, हा आपल्याकडील रिवाज. ज्या दिवशीं घराण्याच्या इतिहासांतील सर्वांत निश्चित गोष्ट घडते, त्या दिवसाचा कागद आपण आपल्या हातानें नाहींसा करतों. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांनीं कितीएक घराण्यांची लाज राखली आहे हें खरें. पण त्या वह्यांत जो यात्रेस गेला तो व त्यानें सांगितलेले त्याचे आप्त, एवढेच असतात. अशा स्थितींत बालबोध लिपींत, तारखेसह छापलेल्या चार ओळी म्हणजे मोठाच ठेवा वाटतो, यांत नवल काय?

तिथीवरून साल शोधण्याचें काम कंटाळवाणें असलें तरी अवघड नाहीं. अधिक मासामुळें फाल्गुन वद्य षष्ठी इंग्रजी मार्चच्या आरंभापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मागेंपुढें सरकते. बातमी साप्ताहिकांत येण्यास एक ते चार आठवडे लागत असें धरलें, तर दर सालचे मार्च व एप्रिल हे दोन महिने चाळले म्हणजे झालें. थोरल्या मुलाच्या मुंजीच्या व धाकट्याच्या नोकरीच्या सालावरून आम्हीं पंधरा वर्षांचा पट्टा आंखून घेतला व दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यांत घातल्या. जातां जातां एक सूचना: यंत्राच्या साहाय्यानें नांवाचा शोध घेण्यावर कोणी विसंबूं नये. जुन्या खिळ्यांचे टाइप, फुटलेलीं जोडाक्षरें व मागच्या पानावरून उमटलेली शाई यांपुढें यंत्राची मति कुंठित होते. शिवाय यंत्रास नांव द्यावें तरी कोणतें? ज्यांस घरीं सगळे अण्णा म्हणत, कचेरींत रावसाहेब म्हणत, व ज्यांचें पाळण्यांतलें नांव आजोबांचें तेंच ठेवलेलें, अशा मनुष्यास ‘विनायक गणेश’ म्हणून शोधावें तर त्याचा बाप व मुलगा हे दोघेहि ‘गणेश विनायक’ निघतात. आडनांव जोशी, कुलकर्णी किंवा देशपांडे असेल तर मग विचारूंच नये. तीं आडनांवें वृत्तींवरून पडलेलीं. गोत्र व मूळ गांव कळल्याशिवाय त्यांच्यावरून कांहींच ठरत नाहीं, आणि वृत्तपत्र या दोहोंपैकीं एकहि सांगत नाहीं.

अखेर शके १८१८ च्या, म्हणजे १८९७ सालच्या मार्चच्या चौथ्या आठवड्यांतील मृत्यूची बातमी एका साप्ताहिकांत मिळाली. नांव, वडिलांचें नांव, आडनांव व धंदा हीं चारहि जुळलीं. बातमींत एवढेंच होतें: येथील वकील रा. रा. अमुक हे अल्पशा दुखण्यानें वारले. ते स्वभावानें सरळ, मनमिळाऊ व परोपकारी होते. त्यांच्या मागें पत्नी, दोन मुलगे व मोठा आप्तपरिवार आहे. ईश्वर मृतात्म्यास शांति देवो. तें वाचून आम्हांस झालेला आनंद खोटा नव्हता. परंतु आमचा जन्म साहित्य शिकविण्यांत गेलेला. दुसऱ्या दिवशीं सवयीप्रमाणें त्याच स्तंभांतील इतर मजकूर वाचला, आणि आणखी तीन गृहस्थ तितकेच सरळ, तितकेच मनमिळाऊ व तितकेच परोपकारी असल्याचें आढळलें. त्यांपैकीं दोघे अल्पशा दुखण्यानेंच गेले होते. ज्या विशेषणांवरून आम्हीं खापरपणजोबांचा चेहरा मनांत रंगवूं लागलों होतों, तीं विशेषणें छापखान्याचीं होतीं.

मृत्युलेख हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे वृत्तपत्रांबरोबर आला. इंग्लंडांत एडवर्ड केव्ह यानें १७३१ मध्यें काढलेल्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकांत जन्म, विवाह व मृत्यु यांच्या याद्या येत. पुढें जॉन निकल्स याच्या हातीं तें मासिक आल्यावर मृतांचीं लहानमोठीं चरित्रेंहि येऊं लागलीं, आणि तिकडील वंशशोधकांस त्या फायली अद्याप कामधेनूसारख्या वाटतात. आमच्याकडे ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ सुरू केला, त्यांत मराठी व इंग्रजी मजकूर शेजारीं शेजारीं छापीत. मराठी वृत्तपत्राचा पहिला कित्ता कोणता होता हें त्या मांडणीवरूनच दिसतें. पुढें १८४९ मध्यें ‘ज्ञानप्रकाश’, १८६२ मध्यें ‘इंदुप्रकाश’ व १८८१ मध्यें ‘केसरी’ निघाला. मृत्यूची नोंद ठेवण्याची आमची त्यापूर्वींची रीत शकावलीची. जेधे शकावली ज्यांनीं चाळली आहे त्यांना ठाऊकच आहे कीं तेथें शक, मास, तिथि, नांव व घडलेली गोष्ट एवढ्यांत काम आटोपतें. शकावलीला विशेषण ठाऊक नाहीं. मेलेला मनुष्य चांगला होता कीं वाईट, हें सांगण्याची जबाबदारी ती आपल्या अंगावर घेत नाहीं. नवें वृत्तपत्र ती घेऊं लागलें, आणि जबाबदारी घेतली म्हणजे ती टाळण्याच्या युक्त्याहि निघतात. ठरीव विशेषणें ही त्यांतलीच एक युक्ति होय.

आमच्या मतें जुन्या मराठी पत्रांतील मृत्युविषयक मजकुराच्या जाति निरनिराळ्या आहेत व त्यांची भेसळ केल्यामुळें कुलवृत्तांतकारांचा घोटाळा होतो. संपादकानें स्वतः लिहिलेला अग्रलेख किंवा स्फुट ही एक जात. हिच्यांत मराठी गद्याचे कांहीं उत्तम नमुने आहेत. १७ जून १८९५ रोजीं आगरकर वारले. ज्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक, तो सोडून त्यांनीं १८८८ मध्यें ‘सुधारक’ काढला होता, आणि मधल्या काळांत दोन्ही पत्रांनीं एकमेकांवर शब्द टाकण्यांत कसर ठेवली नव्हती. तरीहि टिळकांनीं ‘केसरी’ंत त्यांच्यावर जो मृत्युलेख लिहिला, त्यांत मतभेद झांकलेला नाहीं व स्नेहहि झांकलेला नाहीं. १६ जानेवारी १९०१ रोजीं रानडे वारले तेव्हांहि तसेंच झालें: ज्यांच्या सामाजिक मतांशीं त्या लेखणीनें वर्षानुवर्षें भांडण केलें, त्यांनीं निश्चेष्ट महाराष्ट्रांत पुन्हां धुगधुगी आणली हें तिनें मोकळ्या मनानें मान्य केलें. असा मृत्युलेख वाचला म्हणजे मेलेला मनुष्य दिसतो, कारण लिहिणारा कोठें उभा आहे हें दिसतें. मात्र वंशशोधकास या लेखांचा उपयोग थोडा. रानड्यांच्या घरांत कोण कोण होतें, जेवणाच्या पंक्तीला काय चाले, बायकामंडळींत कोणाचा कोणावर रोष होता, हें पाहिजे असेल तर १९१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या आठवणींकडेच गेलें पाहिजे.

दुसरी जात मुफसलच्या बातमीदाराच्या पत्राची. गांवचें पाऊसपाणी, कलेक्टरसाहेबांची स्वारी, म्युनिसिपालिटींतील भांडण, आणि त्यांच्यामध्यें कोणा गृहस्थाचा मृत्यु. हा मजकूर ओबडधोबड असतो, व म्हणूनच आम्हांस तो सर्वांत विश्वसनीय वाटतो. बातमीदार त्याच गांवचा. मृतानें धर्मशाळेला किती रुपये दिले, कोणत्या दाव्यांत त्याचें घर गेलें, दुसरें लग्न कोणत्या वयांत केलें, हें तो भाबडेपणानें लिहून जातो. तिसरी जात आप्तांनीं किंवा स्नेह्यांनीं धाडलेल्या चार ओळींची. तेथें लिहिणारा दुःखांत, संपादक घाईंत, व भाषा कोणाचीच नाहीं. आमच्या खापरपणजोबांची वार्ता या तिसऱ्या जातींतली होती, आणि कुलवृत्तांतांतून उतरून घेतलेल्या मजकुरापैकीं आम्हीं जो पाहिला तो बहुतेक हिच्यांतलाच आहे. कुलवृत्तांतकार या ओळींस साक्षीपुरावा समजतात. वास्तविक त्या पत्राच्या मायन्यासारख्या आहेत. मायन्यांतील ‘साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ यावरून लिहिणारा खरोखरीच जमिनीवर पडला होता असें कोणी अनुमान काढीत नाहीं.

मग या ओळींत कांहींच नाहीं काय? तसें मात्र नाहीं. विशेषणें सोडून द्यावीं व उपपदें वाचावीं. ‘सौ.’ हें अक्षर मेलेल्या बाईच्या नांवामागें असेल तर त्या दिवशीं तिचा पति हयात होता, हें कोणत्याहि दाखल्याइतकें खात्रीचें समजावें, ‘गं. भा.’ असेल तर तो आधींच गेला होता. एवढ्या एका अक्षरानें एका पुरुषाच्या मृत्यूचें साल दहा-वीस वर्षांनीं इकडे किंवा तिकडे सरकतें. घरांतील श्राद्धाचा दिवस तें पडताळून पाहण्यास उपयोगीं पडतो: भाद्रपद वद्य नवमीस, अविधवा नवमीस, जिचें श्राद्ध होत असे ती सवाष्ण गेली. ‘वे. शा. सं.’ असेल तर विद्या जुन्या पद्धतीची, ‘रा. ब.’ असेल तर सरकार प्रसन्न, ‘वै.’ असेल तर घराण्यांत बहुधा वारी होती. ‘येथील’ आणि ‘मूळचे’ हे दोन शब्द शेजारीं आले तर मनुष्य गांव सोडून आलेला. अशा रीतीनें आमच्या चार ओळींतून धंदा, ठिकाण, मुलग्यांची संख्या व पत्नी मागें राहिल्याचा पुरावा, एवढें हातीं लागलें.

आतां ‘अल्पशा दुखण्यानें’ या शब्दांकडे वळूं. एरव्हीं हे शब्द पोकळ. परंतु मजकुराचें वजन केव्हां केव्हां त्याच्या तारखेवरून ठरतें. मुंबईस १८९६ च्या सप्टेंबरांत प्लेग दिसून आला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो पुण्यांत शिरला. १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्चच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत रँड यांच्या हुकुमाखालीं गोऱ्या शिपायांच्या टोळ्या पुण्यांतील घरें तपाशीत होत्या. रोगी रुग्णालयांत, घरचीं माणसें विलगीकरणाच्या छावणींत, आणि घरांतील सामान रस्त्यावर, असा तो प्रकार होता. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्रीं कसा झाला हें सर्वांस ठाऊक आहे. त्या दिवसांत लोक रोगी लपवीत, मृत्यु लपवीत. आणि जो मृत्यु लपवितां येत नसे त्याचें कारण लपवीत. आमचे खापरपणजोबा त्या मार्चच्या चौथ्या आठवड्यांत पुण्यांत अल्पशा दुखण्यानें वारले. बातमींत काशीचें नांव नाहीं, गंगोदकाचें नाहीं, मावंद्याचें नाहीं. शिवाय मुंबई इलाख्यांतून निघालेल्या उतारूंची तेव्हां रेल्वेवर तपासणी होत असे. त्या धामधुमींत एखादा पोक्त वकील काशीस जाऊन येईल हें अशक्य नाहीं, पण सहज पटण्यासारखेंहि नाहीं.

यावरून ते प्लेगनें गेले असा निकाल आम्ही देत नाहीं. चार शब्द, एक तारीख व एक मौन यांवर निकाल देतां येत नाहीं. परंतु आम्हीं ही शंका घरच्या मंडळींत बोलून दाखविली तेव्हां आमचे एक वयोवृद्ध चुलते फारच नाराज झाले. बातमींत प्लेग शब्द नसतांना तो तूं कोठून आणलास, असें ते म्हणाले. त्यांचा मुद्दा टीकाशास्त्राच्या दृष्टीनें बिनतोड होता. पण त्यांच्या रागाचें कारण तें नव्हतें. काशी करून आलेला पूर्वज आणि छावणीच्या भीतीनें माजघरांत निजवून ठेवलेला पूर्वज यांत त्यांना पहिलाच पाहिजे होता. आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि बाळपणापासून तोच आवडत आलेला होता. येथें एक गोष्ट मनांत आल्याशिवाय राहत नाहीं. त्याच मार्च महिन्याच्या १० तारखेस, त्याच पुण्यांत, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें वारल्या. त्यांच्या चरित्रकारास रोगाचें नांव झांकावेंसें वाटत नाहीं. तें नांव त्या मृत्यूचें भूषण होऊन बसलें आहे. आमच्या घरानें तेंच नांव गंगोदकानें धुऊन काढलें असेल काय? असेल तर ज्या घरांत एवढी भीति शिरली होती त्याचा इतिहास त्या चार विशेषणांपेक्षां अधिक वाचनीय आहे, आणि कुलवृत्तांतांत जागा असेल तर ती त्याला मिळाली पाहिजे.

येथवर आम्हीं वृत्तपत्राचा दोष क्षम्य मानला. कारण तो भाषेचा दोष आहे, व भाषा तासून घेतां येते. यापुढचा दोष तसा नाहीं. बातमींत ‘मागें पत्नी’ असें आहे. नांव नाहीं. ‘दोन मुलगे’ असें आहे; मुली किती होत्या हें नाहीं. एक मुलगी तरी होती, कारण तिच्या सासरची मंडळी आमच्या आजोबांच्या लग्नाला आल्याचें आमच्या आत्याबाईंनीं ऐकलेलें होतें. खापरपणजी पुढें सव्वीस वर्षें जगली. तिच्या मृत्यूची वार्ताहि आम्हांस मिळाली; तोंवर थोरला मुलगा नांवारूपास आला होता, म्हणून ती थोडी ठळक टाइपांत आहे. तींत अमुक यांच्या वृद्ध मातोश्री वारल्या असें म्हटलें आहे. पुन्हां नांव नाहीं! वृत्तपत्रानें तिची दोनदां दखल घेतली. एकदां पत्नी म्हणून, एकदां मातोश्री म्हणून. कुलवृत्तांत उघडून पाहिला तर तेथें भार्या म्हणून एक नांव आहे, तें सासरचें. आणि माहेरचें फक्त आडनांव.

हें आमच्याच घरीं झालें असतें तर त्याचा येथें उल्लेख करण्याचें कारण नव्हतें. लग्नांत लक्ष्मीपूजनाच्या वेळीं ताटांतील तांदळांवर नवऱ्यानें नवें नांव लिहावयाचें, आणि त्या क्षणापासून आठ-दहा वर्षें ज्या नांवानें मुलगी हांकेला ओ देत आली तें नाहींसें व्हावयाचें, ही चाल घरोघर होती व कांहीं घरांत अद्याप आहे. मोठ्या घरांतील स्त्रियांचीं पहिलीं नांवें आपणांस ठाऊक आहेत तीं केवळ त्यांनीं स्वतः लिहिलें म्हणून, किंवा त्यांच्याविषयीं कोणी पुस्तक लिहिलें म्हणून. रमाबाई रानडे या माहेरच्या कुर्लेकरांच्या यमुना. डॉ. आनंदीबाई जोशी याहि यमुनाच. आणि त्यांचें माहेरचें आडनांवहि जोशीच असल्यामुळें, त्या अप्रसिद्ध असत्या तर वंशशोधकाची काय दशा झाली असती याची कल्पना करावी. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं वयाची बाविशीहि पुरी होण्यापूर्वीं त्या पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा त्यांच्या अमेरिकेंतील स्नेही कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली व न्यूयॉर्क संस्थानांतील पकिप्सी येथील स्मशानभूमींत त्यांच्या नांवाची शिळा उभी राहिली; काशीबाई कानिटकरांनीं त्यांचें चरित्र लिहिलें. ‘स्मृतिचित्रें’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक या गोखल्यांच्या मनकर्णिका. ‘माझें पुराण’ सांगणाऱ्या बाया कर्वे यांची कथा तर याहून बोधप्रद: जन्मानें जोश्यांची गोदू, मग नातूंच्या घरची विधवा, मग १८९३ मध्यें धोंडो केशव कर्व्यांशीं पुनर्विवाह होऊन आनंदीबाई. त्यांनीं आपलें पुराण स्वतः सांगितलें नसतें, तर पुढील काळच्या एखाद्या शोधकानें जोशी, नातू व कर्वे अशा तीन फायलींत तीन निरनिराळ्या बाया शोधल्या असत्या आणि त्या तिघींपैकीं एकीचाहि मृत्यु त्यास जुळवितां आला नसता.

कुलवृत्तांतावरील आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. वृत्तपत्रास दोष देण्यांत अर्थ नाहीं. तें ज्या समाजाच्या हातांत विकलें जात होतें त्याला स्त्रीचें नांव चारचौघांत उच्चारणें अप्रशस्त वाटे, व वृत्तपत्रानें त्याची मर्जी राखली. पण कुलवृत्तांत ही घरची वही. जेथें बाहेरच्याला संकोच होता तेथें घरच्यानें लिहावयास पाहिजे होतें. आणि प्रश्नावली घेऊन मंडळी घरोघर गेलीं तेव्हां कितीएक घरांत तीं नांवें ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या बायका सोप्यावर निवडटिपण करीत बसलेल्या होत्या. त्यांना कोणी विचारलें नाहीं, कारण प्रश्नावलींत रकाना नव्हता. पुरुषाचें शिक्षण, नोकरी, पगार, प्रवास व सार्वजनिक कार्य यांचे रकाने होते. आज पन्नास-साठ वर्षांनंतर तीच मंडळी जुन्या वृत्तपत्रांत पुरावे धुंडाळूं लागलीं, तर त्यांना तेथेंहि तोच रकाना रिकामा आढळणार. आणि दोन रिकाम्या रकान्यांनीं एकमेकांस दुजोरा दिला म्हणजे ती बाई नव्हतीच, असें सिद्ध होण्याची पाळी येईल.

आणखी एक गोष्ट थोडक्यांत सांगतों. हें सगळें विवेचन, ज्यांच्या मृत्यूची बातमी छापून येण्याजोगी मानली जात होती त्या घरांपुरतें आहे. ‘दीनबंधु’ १८७७ मध्यें व ‘मूकनायक’ १९२० मध्यें निघाला. त्यापूर्वीं ज्यांचे लोक मेले त्यांना धुंडाळण्यास आपलीं म्हणावीं अशीं पानेंच नव्हतीं, आणि त्यानंतरहि तीं पत्रें पैशाच्या ओढाताणींतून निघत असल्यामुळें चार ओळींचा ऐषआराम तेथें थोड्यांनाच मिळाला असेल. तेव्हां आमची तक्रार ही पोटभर जेवलेल्याची तक्रार आहे याची जाणीव आम्हांस आहे. तरीहि ती केली पाहिजे. कारण कुलवृत्तांत काढण्यास लागणारा पैसा, सवड व कागदपत्रें ज्यांच्याजवळ आहेत, त्यांनींच तो अर्धामुर्धा काढावा याला निमित्त उरत नाहीं.

आमच्या घराण्याच्या मंडळाकडे आम्हीं नव्या आवृत्तीसाठीं दोन सूचना लिहून पाठविल्या. खापरपणजोबांच्या नोंदींत काशीयात्रेच्या कथेपुढें ‘घरांतील आख्यायिका’ असे दोन शब्द घालावे व खालीं मृत्यूची तारीख, ठिकाण आणि त्या दिवसांत पुण्याची काय स्थिति होती हें द्यावें, ही एक. आणि सर्व नोंदींत स्त्रीच्या माहेरच्या नांवाचा रकाना घालावा, ही दुसरी. पहिलीस उत्तर आलें कीं वृत्तपत्रांतील मजकूर जसाच्या तसा छापण्याचें ठरलें आहे, म्हणजे तीं विशेषणें आतां पुठ्ठ्याच्या बांधणींत कायम होणार. दुसरीस उत्तर आलें कीं सूचना योग्य आहे, परंतु मांडणी पूर्वींच झाली असल्यामुळें रकाना वाढवितां येत नाहीं. आम्हीं मग आमच्या प्रतींत शिसपेनीनें रेघ मारून तो रकाना स्वतःच पाडला. सूनबाईचें, पत्नीचें व आईचें नांव लगेच लिहिलें. आजीचें आत्याबाईंस विचारून लिहिलें. त्यांना तें सांगतांना थोडें हंसूं आलें, कारण तें नांव घरांत साठ वर्षांत कोणीं घेतलें नव्हतें. पणजीचें एका लांबच्या नातलगाच्या घरीं, लग्नाच्या याद्यांत मिळालें. खापरपणजीची जागा रिकामी आहे. तिच्या माहेरचीं मंडळी सातारा जिल्ह्यांतलीं, एवढें आडनांवावरून व एका जुन्या खरेदीखतावरून दिसतें. येत्या सुट्टींत तिकडे जाण्याचा विचार आहे, आणि तत्पूर्वीं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांस पत्र घातलें आहे.